डुकराची चरबी आणि आपले सोवळे

शाळेच्या इतिहासात डुकराच्या चरबीचे नाव एकदाच येते. १८५७ साली एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांस गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे अशी वार्ता पलटणींत पसरली. काडतूस दातांनी तोडावे लागत असे. त्यामुळे शिपाई बिथरले, आणि २९ मार्च रोजी बराकपूर येथे मंगल पांडे उठला. एवढे सांगून आम्ही मास्तरलोक पुढच्या धड्याकडे वळतो. पण वर्गातील चार-दोन पोरे त्या वेळी खाली मान घालून पाटीकडे पाहत बसतात, हे आम्ही कित्येक वर्षे पाहत आलो आहो. ज्या वस्तूच्या नुसत्या स्पर्शाने धर्म बुडतो असे पुस्तक सांगते, ती त्यांच्या घरी सणाच्या दिवशी कढईत तडतडत असते. त्या पोरांस कोणी तोंडाने काही म्हणत नाही. म्हणायची गरजच उरत नाही. ज्या वर्गात दोन पोरांनी डबा उघडून खावा आणि तिसऱ्याने झाकण अर्धे लावून खावे, त्या वर्गात शिकवलेली समता कोठे मुरते, ते वाचकांनीच सांगावे.

गडचांदुराच्या आसपासचा हा मुलूख मोठा मिश्र आहे. राजुऱ्याचा हा सारा भाग १९५६ पर्यंत हैद्राबाद राज्यात होता, त्यामुळे एकाच बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि कोलामी कानी पडतात. डुकरास तेलुगूत पंदि म्हणतात, गोंडीत पद्दी म्हणतात. एकीकडे माणिकगडचे रान, दुसरीकडे सिमेंट कारखान्याची धुराडी, आणि मधे कापसाची शेती. अशा ठिकाणी डुक्कर खाणारा माणूस कोणा एका जातीचा नाही. गोंड आहे, वडार आहे, कैकाडी आहे, पूर्वीच्या अस्पृश्य वस्त्यांतील पुष्कळ घरे आहेत, दक्षिणेकडून कारखान्यात आलेला मजूरही आहे. रसेल व हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो मोठा ग्रंथ छापला, त्यात गोंडांच्या नारायणदेवाच्या पूजेत डुकराचा बळी देत असल्याची नोंद आहे. म्हणजे ज्या जनावरास गावाने उकिरड्यावर बसविले, त्यास रानाने देवापुढे नेले होते.

आता हा लेख आम्ही भटजींस उद्देशून लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांच्या सोवळ्याचा हिशेब या पत्रांतून पुष्कळदा झाला आहे. आज आम्हांस बोलायचे आहे ते आमच्याच कुणबी, तेली, माळी, सुतार, लोहार बंधूंशी. तुम्ही बोकड खाता, कोंबडी खाता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मटणाच्या दुकानापुढे रांग लावता. आणि वडाराच्या घरी डुक्कर शिजले असे कळले की त्याच्या हातचे पाणी घेताना तुमचा हात मागे सरतो. आपले ठेवायचे झाकून आणि दुसऱ्याचे पाहायचे वाकून, असा हा न्याय आहे. जो आपल्यावर चालवला म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी आकाशपाताळ एक केले, तोच न्याय आपण खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसावर चालवितो. तेव्हा पोथी बाजूस ठेवून तराजू हाती घ्यावा, एवढेच आमचे मागणे आहे.

तराजू काय सांगतो ते पाहू. डुकराची चरबी मंद आचेवर वितळवून, गाळून, निव्वळ स्निग्ध पदार्थ उरवला तर त्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ९०० उष्मांक असतात. कोणत्याही तेला-तुपात साधारण तितकेच असतात; स्निग्धाच्या एका ग्रॅमास ९ आणि पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅमास ४, हा निसर्गाचा दरच आहे. या शंभर ग्रॅमांत जे स्निग्ध आम्ल रक्तवाहिन्यांस जड जाते, ज्यास संपृक्त म्हणतात, ते सुमारे ३९ ग्रॅम असते. जे त्या मानाने सोसवते, ते एक-असंपृक्त सुमारे ४५ ग्रॅम, आणि बहु-असंपृक्त सुमारे ११ ग्रॅम. आता आपण ज्यास पवित्र मानतो त्या गाईच्या लोण्यात संपृक्त भाग शंभरी सुमारे ५१ आहे, आणि कढवून तूप केले की साठाच्या वर जातो. मेंढीच्या चरबीत तो सुमारे ४७ असतो. खोबरेल तेलात तर ऐंशीच्याही पुढे! कोलेस्टेरॉलचे म्हणाल तर डुकराच्या शंभर ग्रॅम चरबीत सुमारे ९५ मिलिग्रॅम आणि लोण्यात सुमारे २१५. म्हणजे जो गृहस्थ वरणावर तुपाची धार सोडतो व डुकराच्या चरबीचे नाव ऐकून नाक मुरडतो, त्याच्या नाकास शास्त्राचा आधार नाही. डुकराच्या चरबीतील सर्वांत मोठा वाटा ज्या ओलेइक आम्लाचा आहे, तेच आम्ल भुईमुगाच्या तेलात आहे, आणि श्रीमंत लोक ज्याच्या बाटल्या परदेशाहून मागवितात त्या ऑलिव्हच्या तेलातही आहे.

याचा अर्थ ती चरबी अमृत आहे असा कोणी करू नये. २०१५ साली प्लॉस वन नावाच्या शास्त्रीय नियतकालिकात हजाराहून अधिक कच्च्या अन्नपदार्थांचे पोषण मोजणारा एक निबंध छापून आला. त्याच्या आधारे बी.बी.सी.ने २०१८ साली शंभर पौष्टिक पदार्थांची यादी दिली, आणि त्यात डुकराची चरबी शंभरात ७३ गुण घेऊन आठवी आली. तेव्हापासून काही हौशी मंडळी ही चरबी डोक्यावर घेऊन नाचत आहेत. त्यांनी एक गोष्ट लक्षात घेतली नाही. तेथे मोजलेली चरबी ही कातड्याखालून कापलेली, मांसाचे धागे व पडदे लागलेली कच्ची चरबी होती. तिच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ६३० उष्मांक असतात, आणि थोडे प्रथिन व ब गटातील जीवनसत्त्वेही असतात. असा तुकडा रश्शात शिजवून खाल्ला तर हा ऐवज बहुतांशी पोटात जातो. पण तीच चरबी वितळवून गाळली, की प्रथिन आणि ब जीवनसत्त्वे गाळणीवर राहतात आणि डब्यात उरते ती केवळ शक्ती. म्हणून गाळून उरलेले कुरकुरीत तुकडे कुत्र्यास न टाकता भाकरीबरोबर खाणारी आमची म्हातारी माणसे त्या यादीवाल्यांपेक्षा शहाणी होती, असे म्हणावे लागते.

गाळलेल्या चरबीत लोह नाही, चुना नाही, क जीवनसत्त्व नाही. अंगात रक्त कमी असलेल्या बाळंतिणीस नुसती चरबी चारून तिचे रक्त वाढणार नाही. त्यास लोहाच्या गोळ्या, हिरवी भाजी, अंडे, मांसाचा लाल भाग हेच लागते. उन्हात वावरलेल्या डुकराच्या चरबीत ड जीवनसत्त्व थोडेबहुत असते, हा तिचा एक वेगळा गुण. कारण साध्या अन्नात हे जीवनसत्त्व फार थोड्या ठिकाणी सापडते. बाकी ती सरपण आहे, पण सरपणाची किंमत चूल पेटवणाऱ्यासच कळते. दिवसभर पोती वाहणाऱ्या, खाणीत घण मारणाऱ्या पुरुषास रोज सुमारे ३,४७० उष्मांक लागतात आणि बसून काम करणाऱ्यास सुमारे २,११०, असा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचा २०२० चा आकडा आहे. मधल्या या तेराशे-साडेतेराशे उष्मांकांची भर भातानेच घालावयाची तर माणसास किती वेळा ताट वाढून घ्यावे लागेल! म्हणूनच थंड मुलखातील कष्टकरी शेतकरी डुकराच्या चरबीवर जगला. युक्रेनात मिठात मुरवलेल्या चरबीस सालो म्हणतात आणि ती राष्ट्राची मेजवानी समजतात. आमच्या गोव्यात ख्रिस्ती घरांत सोरपोतेल होते, ते चरबीसकट मांसाचे लहान तुकडे करूनच होते, आणि लग्नात ते नसले तर पाहुणे रुसतात.

आणखी एक काम चरबी करते, ते फार लोकांस ठाऊक नसते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धात विरघळतात. आमच्या भागात पावसाळ्यात तरोट्याची भाजी, पुढे अंबाडी, शेवग्याचा पाला, असा हिरवा मेवा फुकट उगवतो. त्यात डोळ्यांस लागणाऱ्या अ जीवनसत्त्वाचे मूळ द्रव्य असते. पण ती भाजी नुसत्या पाण्यात शिजवून मिठाशी खाल्ली तर त्यातले थोडेच अंगी लागते; तीत चमचाभर स्निग्ध पडले म्हणजे अधिक लागते. ज्या घरी तेलाची बाटली महिन्याच्या वीस तारखेस रिकामी होते, त्या घरी पुढचे दहा दिवस भाजीचाही गुण अर्धा होतो. गरीब माणसाने कोणास उलट उत्तर दिले की 'याला चरबी चढली' असे गावचा पाटील म्हणतो. ज्याच्या ताटात दहा-दहा दिवस स्निग्धाचा थेंब नाही, त्याच्याविषयी हे बोलणे निघते, यास काय म्हणावे?

महाराष्ट्रात पाच वर्षांखालील मुलांपैकी शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने बुटकी आणि शेकडा ३६ मुले वजनाने कमी आहेत, असे २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघाले. या मुलांच्या आया आम्हांस भेटतात. त्यांपैकी ज्यांच्या माहेरी डुक्कर शिजत असे, त्यांस विचारले तर 'आता नाही करत, गुरुजी, पोरं शाळेत जातात ना,' असे हळूच सांगतात. म्हणजे शाळेत जाणे आणि घरचे अन्न टाकणे ही एकाच सुधारणेची दोन पावले झाली. त्या अन्नाच्या जागी काय आले? पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, कुरकुऱ्याची पिशवी, आणि पामतेलात तळलेले भजे. पामतेलातही संपृक्त भाग शंभरी सुमारे ४९ असतो, हे त्या माउलीस कोणी सांगितले नाही. पुडा छापील आहे, त्यास कोणी हसत नाही, एवढाच त्याचा गुण. ही लाज ज्यांनी पोराच्या पोटात घातली, त्यांनी त्याच्या ताटातून घास काढून घेतला, असे आम्ही स्पष्ट म्हणतो.

कारखान्याच्या डब्यावरील विश्वासाचा इतिहासही जरा पाहावा. अमेरिकेत १९११ साली कपाशीच्या सरकीचे तेल घट्ट करून डबाबंद विकू लागले, आणि डुकराची चरबी गावंढळ ठरून स्वयंपाकघरातून हळूहळू बाहेर गेली. आमच्याकडे १९३७ पासून डालडा आला आणि 'वनस्पती' या सोज्वळ नावाने घरोघर शिरला. पुढे कळले की तेल असे अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स नावाचे स्निग्ध तयार होते व ते हृदयास डुकराच्या चरबीपेक्षाही घातक असते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून ते शेकडा २ च्या वर असू नये असे ठरविले. तोपर्यंत दोन-तीन पिढ्या ते खाऊन गेल्या. आणि १९८३ साली तर वनस्पती तुपात गुरांची चरबी मिसळल्याचे प्रकरण देशभर गाजले. सोवळ्यात तळलेल्या किती पुऱ्या त्या तुपात तळल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. औषधाच्या बाबतीत तर सोवळे आपोआप सैल होते. १९८२ नंतर कारखान्यात मानवी इन्सुलिन होऊ लागले. त्यापूर्वी मधुमेही लोक डुकराचे व गाईचे इन्सुलिन टोचून घेत आणि वैद्याचे आभार मानीत. रक्त गोठू नये म्हणून हृदयाच्या रोग्यास जे हेपारिन देतात ते आजही डुकराच्या आतड्यापासून काढतात. सुईतून गेलेले डुक्कर शुद्ध आणि चुलीवरचे अशुद्ध, हा भेद आमच्या बुद्धीस तरी उमगत नाही.

ज्याच्या धर्मात डुक्कर वर्ज्य आहे अशा मुसलमान बंधूने, किंवा ज्याने मांसच सोडले आहे अशा माळकऱ्याने ते खावे, असे आम्ही म्हणत नाही. न खाणाऱ्याचा मान राखावा. पण न खाणाऱ्याने खाणाऱ्याचाही राखावा.

काही सुशिक्षित तरुण आम्हांस विचारतील की, डॉ. आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मांसाविषयी जे सांगितले त्याचे काय? ते नीट वाचावे. मार्च १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी जे सोडा म्हणून बजावले, ते मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्ट्या तुकड्यांचे दान. दुसऱ्याने टाकलेले उचलण्यात जी लाचारी आहे तीवर त्यांचा घाव होता. स्वतःच्या घामाच्या पैशाने पाळलेले, निरोगी, ताजे कापलेले जनावर ही त्या घावाखाली येणारी गोष्टच नव्हे. अलीकडे शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या स्वयंपाकघराची जी नोंद केली, ती याच स्वाभिमानाची आहे. आपल्या आजीने काय व कसे शिजविले हे लिहून ठेवण्यात लाज कसली?

आता डुकराच्या बाजूचा जो खरा दोष आहे तो झाकणे आम्हांस मान्य नाही. गटारात लोळणारे, हागणदारीत चरणारे डुक्कर खाणे धोक्याचे आहे. पण तो धोका कसा येतो हे समजून घ्यावे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. माणसाच्या आतड्यात एक चपटा जंत होतो. त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरची ती विष्ठा डुकराने खाल्ली की त्याच्या मांसात साबुदाण्यासारख्या गाठी होतात. ते मांस अर्धेकच्चे खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पुन्हा जंत होतो. येथवर दोष डुक्कर खाणाऱ्याचा धरा. पण मेंदूत गाठी होऊन जी फेफरी येते, ती मांसाने येत नाही! ती येते जंताची अंडी पोटात गेल्याने. म्हणजे जंत झालेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातातून, किंवा मळ्यात विष्ठा मिसळलेल्या पाण्यावर वाढलेल्या कच्च्या कोथिंबिरीतून. म्हणून जन्मात डुक्कर न पाहिलेल्या शाकाहाऱ्याच्या मेंदूतही ती गाठ सापडते. तेव्हा या रोगाचे मूळ उघड्यावर बसणाऱ्या माणसाशी आहे. डुक्कर बिचारे आपण टाकलेले खाते आणि शिव्याही खाते.

यावरचे उपाय सोपे आहेत व खर्चाचेही फार नाहीत. घरोघर संडास वापरात यावा, नुसता बांधून त्यात गोवऱ्या भरू नयेत. डुक्कर कुडात किंवा दगडी भिंतीच्या आत पाळावे. कोंडा, शिळा भात, भाजीचे देठ शिजवून घालावे. कुडावर अर्धे छप्पर व अर्धे ऊन ठेवावे, कारण चंद्रपूरच्या वैशाखात डुकरास सावली व पाणी नसेल तर ते तडफडून मरते. मांसात पांढरे दाणे दिसले तर ते जनावर खाऊ नये. मांस लहान तुकडे करून, आत लाली उरणार नाही इतके, भरपूर वेळ उकळावे. चरबी वितळवायची तर बारीक चिरून, आधी थोडे पाणी घालून, मंद आचेवर ठेवावी. पाणी आटले, तुकडे तांबूस झाले की फडक्यातून गाळून झाकणाच्या डब्यात अंधारात ठेवावी. तीच चरबी धूर येईपर्यंत पुन्हा पुन्हा तापवू नये.

प्रमाणाचेही ऐकावे. हैद्राबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारात साधारण माणसास दिवसाचे सर्व तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम, म्हणजे पाच-साडेपाच लहान चमचे, सांगितले आहे. चरबी खायची ती या पाच चमच्यांतच बसवावी, त्यावर नव्हे. आणि रोज तीच न खाता जवस, तीळ, भुईमूग यांची तेलेही आलटून पालटून घ्यावी. ज्याचे काम बसून आहे, ज्यास रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचे दुखणे आहे, त्याने तर हात फारच आखडता घ्यावा. आमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्या मास्तरास जे सोसणार नाही, ते खाणीतील मजुरास व वाढत्या पोरास सोसते. आणि रानडुकराचा मोह कोणी धरू नये. ते पीक नासते हे खरे, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यास संरक्षण आहे, आणि परवानगीवाचून मारले व शिजविले तर घरचा कर्ता माणूस तुरुंगात जातो.

राहता राहिला बाजार. आमच्या मुलखातील आठवडी बाजारांत बोकड कापणाऱ्यास छप्पर मिळते, कोंबडीवाल्यास पाण्याची टाकी मिळते, आणि डुकराचे मांस विकणारा बहुधा नाल्याच्या कडेस, माश्यांच्या घोंगावण्यात, पोत्यावर बसलेला दिसतो. मग त्याच नाल्याकडे बोट दाखवून आपण म्हणतो, पाहा किती घाण आहे! त्यास नाल्यावर बसविले कोणी? नगरपरिषदा व ग्रामपंचायती यांनी त्यास बाजारात एक सिमेंटचा ओटा, एक नळ, सांडपाण्याची मोरी आणि बाजाराच्या दिवशी मांस तपासणारा पशुवैद्य द्यावा. सिमेंट तर आमच्या दारातच होते. ओट्याचे भाडे बोकडवाल्याइतकेच घ्यावे, आणि ओटा नाल्यापासून दूर, इतर दुकानांच्या ओळीत असावा. येत्या ग्रामसभेत आणि नगरपरिषदेच्या सभेत ही मागणी कुणब्याच्या, तेल्याच्या, माळ्याच्या सभासदाने स्वतः उठून मांडावी. वडाराने हात जोडून मागेपर्यंत थांबू नये.